मिस्टी स्टेप टाकल्यावर त्याच टर्नमध्ये फायरबॉल टाकता येतो का?

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर खेळायच्या भूमिका-खेळातला तुमचा प्रसंग असा: पाचव्या लेव्हलचा विझार्ड (जादूगार) गॉब्लिनांच्या घोळक्यात सापडलाय. टर्नमध्ये, म्हणजे आपल्या पाळीत, एक मुख्य अ‍ॅक्शन आणि काही वेळा एक छोटी बोनस अ‍ॅक्शन मिळते. बोनस अ‍ॅक्शनने मिस्टी स्टेप हा क्षणात दुसरीकडे नेणारा स्पेल (मंत्र) टाकून ३० फूट बाहेर पडायचं आणि लगेच अ‍ॅक्शन वापरून त्याच घोळक्यावर फायरबॉल टाकायचा, असा त्याचा बेत आहे. डीएम (खेळ चालवणारा डंजन मास्टर) नाही म्हणतोय. बाकीच्यांचं म्हणणं, अ‍ॅक्शन आणि बोनस अ‍ॅक्शन दोन्ही शिल्लक आहेत, स्लॉटही (स्पेल टाकायला खर्च होणारा मोजका साठा) आहेत, मग अडतंय कुठे?

डीएमचं बरोबर आहे. दोन्ही स्पेल स्लॉट खर्चून टाकायचे असतील, तर २०१४ चं प्लेअर्स हँडबुक घ्या नाहीतर २०२४ चं, उत्तर नाही असंच येतं. पण दोन्हीकडे नाही म्हणण्याचं कारण वेगळं आहे आणि ते नीट समजून घ्यायलाच हवं, कारण पुढच्या खेपेला वाद होईल तो याच कारणावरून.

२०१४ चा नियम दहाव्या प्रकरणात, कास्टिंग टाइमखाली बोनस अ‍ॅक्शनच्या परिच्छेदात आहे. बोनस अ‍ॅक्शनने कुठलाही स्पेल टाकलात की त्या टर्नमध्ये दुसरा स्पेल टाकता येत नाही. अपवाद एकच: एक अ‍ॅक्शन लागणारा कॅन्ट्रिप, म्हणजे स्लॉट न लागणारा साधा स्पेल. इथे स्लॉटचा काही संबंधच नाही, आणि हेच बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. आधी फायरबॉल आणि मग मिस्टी स्टेप असा क्रम उलटा केलात तरी फरक पडत नाही. ड्रुइडने बोनस अ‍ॅक्शनने शिलेली टाकला, तर तो स्वतः कॅन्ट्रिप असूनही बंधन लागू होतं आणि अ‍ॅक्शनने एंटँगल टाकता येत नाही. उलट, फायटरची अ‍ॅक्शन सर्ज (टर्नमध्ये एक जादा अ‍ॅक्शन) हाताशी असलेला विझार्ड एकाच टर्नमध्ये दोन फायरबॉल टाकू शकतो, कारण तिथे बोनस अ‍ॅक्शन कुठेच आलेली नाही.

२०२४ मध्ये हा नियम काढून सातव्या प्रकरणात सोपा नियम आणला: एका टर्नमध्ये स्पेल टाकण्यासाठी एकच स्लॉट खर्च करायचा. माझ्या मते हा बदल चांगला आहे, कारण खेळ चालू असताना मोजायला एकच गोष्ट उरते. फे-टच्ड या फीटमधून (पात्राच्या खास क्षमतेतून) दिवसातून एकदा फुकट मिळणारा मिस्टी स्टेप वापरलात, तर त्याच टर्नमध्ये फायरबॉल खुशाल टाका. स्क्रोलमधून किंवा वाँडमधून टाकलेल्या स्पेललाही तुमचा स्लॉट लागत नाही, त्यामुळे तोही चालतो. २०१४ मध्ये यातलं काहीच चालत नाही. अ‍ॅक्शन सर्जवाला दुहेरी फायरबॉल मात्र २०२४ मध्ये गेला. त्या जादा अ‍ॅक्शनने मॅजिक (स्पेल टाकण्याची) अ‍ॅक्शन घेता येत नाही.

खरी गल्लत होते ती रिअ‍ॅक्शनमध्ये. रिअ‍ॅक्शन म्हणजे दुसऱ्याच्या कृतीला दिलेला झटपट प्रतिसाद. समजा विझार्डने स्लॉट खर्चून मिस्टी स्टेप टाकला आणि मग दुसऱ्या एका गॉब्लिनच्या बाजूने तो चालत निघाला. गॉब्लिनने ऑपॉर्च्युनिटी अटॅक (टप्प्यातून निसटणाऱ्यावरचा वार) केला, फाशाची बेरीज १७ आली, विझार्डचा एसी (बचावाचा आकडा) १५. खेळाडू म्हणतो, ‘शील्ड! एसी २०!’ (शील्ड हा एसी ५ ने वाढवणारा, रिअ‍ॅक्शनने टाकायचा स्पेल.) पण हा टर्न अजून विझार्डचाच आहे. २०१४ मध्ये बोनस अ‍ॅक्शनचा स्पेल होऊन गेलाय, म्हणून शील्ड नाही. २०२४ मध्ये या टर्नचा स्लॉट संपलाय, म्हणून शील्ड नाही. घाव बसला. थोड्या वेळाने गॉब्लिनचा स्वतःचा टर्न आला आणि त्याने पुन्हा वार केला, तर मात्र शील्ड टाकता येईल, कारण टर्न बदलला. बंधन टर्नपुरतं आहे, सहा सेकंदांच्या पूर्ण राउंडला नाही. तुमच्या टर्नमध्ये कोणी काउंटरस्पेल (दुसऱ्याचा स्पेल रोखणारा स्पेल) टाकला आणि तो तुम्हाला काउंटरस्पेलनेच अडवायचा असेल, तर त्यालाही हाच हिशोब लावा.

स्पिरिच्युअल वेपन या जादूचं शस्त्र उभं करणाऱ्या स्पेलबद्दलही नेहमी विचारलं जातं. ते उभं करताना बोनस अ‍ॅक्शनने स्पेल टाकला जातो, तेव्हा बंधन लागू. पुढच्या टर्नपासून बोनस अ‍ॅक्शनने नुसता वार होतो, स्पेल टाकला जात नाही, त्यामुळे क्लेरिक अ‍ॅक्शनने हवा तो स्पेल टाकू शकतो. फक्त २०२४ मध्ये त्याला कॉन्सन्ट्रेशन (एका वेळी एकाच स्पेलवर ठेवता येणारं लक्ष) लागतं, म्हणजे आधी ब्लेससारखा कॉन्सन्ट्रेशनचाच स्पेल चालू असेल तर तो तुटेल.

टेबलावर वाद झाला की स्पेलचं वर्णन वाचण्याआधी तीन गोष्टी विचारा: आत्ता टर्न कुणाचा? या टर्नमध्ये बोनस अ‍ॅक्शनने स्पेल टाकलाय का? स्लॉट गेलाय का? २०१४ वाल्यांना पहिले दोन प्रश्न पुरतात, २०२४ वाल्यांना पहिला आणि तिसरा. आणि मोहीम सुरू होतानाच कुठलं पुस्तक ते ठरवून टाका. अर्धे नियम इथले, अर्धे तिथले असं केलंत की सॉर्सररच्या क्विकन्ड स्पेलपाशी (अ‍ॅक्शनचा स्पेल बोनस अ‍ॅक्शनने टाकण्याची युक्ती) सगळं अडकतं.

आता तुमच्या विझार्डचं काय? २०१४ मध्ये मिस्टी स्टेप टाकून बाहेर पडा आणि अ‍ॅक्शनने फायर बोल्ट हा कॅन्ट्रिप मारा. पाचव्या लेव्हलला त्याच्या इजेचे २डी१० (दहा बाजूंचे दोन फासे) होतात. पण घोळक्यात एखादी फट असेल, तर मिस्टी स्टेप वापरूच नका. सरळ चालत बाहेर पडा, वार बसतोय असं दिसलं तर शील्ड टाका आणि ३० फुटांवर पोचून फायरबॉल सोडा. शील्ड रिअ‍ॅक्शनने, फायरबॉल अ‍ॅक्शनने, बोनस अ‍ॅक्शनला हातच लावलेला नाही, त्यामुळे २०१४ मध्ये हे पूर्ण नियमात बसतं. शिवाय तो +५ एसी तुमचा पुढचा टर्न सुरू होईपर्यंत टिकतो. २०२४ मध्ये मात्र शील्डला स्लॉट गेला की त्या टर्नचा फायरबॉलही गेला. तिथे घाव सोसायचा की फायरबॉलवर पाणी सोडायचं, हे पाऊल उचलण्याआधीच ठरवा.