पाळक मेहनती, पंच अनुभवी, तरी मंडळी वाढत का नाही?

तुम्ही लिहिलंय की तालुक्याच्या गावातली तुमची मंडळी, म्हणजे तुमचं चर्च, कित्येक वर्षं होतं तेवढंच आहे. पाळक मेहनती, कारभार पाहणारे निवडलेले पंच जुने-जाणते, तरी तरुण मुलं रविवारी दिसत नाहीत. मग पुढाऱ्यांचं चुकतं कुठे, असा तुमचा प्रश्न आहे. मी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मंडळीत वाढलो, पुढे पास्टरेट कमिटीत, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांच्या समितीतही काम केलं. त्या अनुभवावरून सांगतो, बहुतेक ठिकाणी गाडी एकाच जागी अडते: हातातलं काम दुसऱ्याला सोपवायला पुढारी तयार नसतात.

आधी वाढ कशाला म्हणायचं ते सांगतो, कारण लोक लगेच बाहेरून किती माणसं आली ते मोजायला लागतात. माझा हिशेब घरापासून सुरू होतो. ज्या मुलांचा बाप्तिस्मा आपल्या वेदीपुढे झाला, त्यातली किती पंचविशीत मंडळीत आहेत? त्यांच्यावर काही जबाबदारी आहे का? या प्रश्नांची उत्तरं नीट आली तर बाहेरच्या माणसाला आत यावंसं वाटण्याची शक्यता आपोआप वाढते.

सोपवण्याचा हा प्रश्न आपल्याकडे जुनाच आहे. अमेरिकन मराठी मिशन या मिशनरी संस्थेचे लोक 1813 मध्ये मुंबईत आले, 1831 मध्ये नगरला त्यांचं काम सुरू झालं. हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली ती 1854 मध्ये. त्याच सुमारास मिशनच्या अमेरिकेतल्या मुख्य मंडळाचे सचिव रूफस अँडरसन हिंदुस्थानात आले. मंडळीने आपला कारभार आपण पाहावा, खर्च आपण उचलावा आणि सुवार्ताही आपण पसरवावी, हा त्यांचा आग्रह होता. त्यानंतर गावोगावच्या मंडळ्यांवर देशी पाळक नेमायला वेग आला. तरीही पगार आणि अंतिम शब्द बराच काळ मिशनकडेच राहिला. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ उभा करायला घेतला, तो याच घुसमटीतून. ख्रिस्ताचं नाव आपल्या मातीतल्या माणसांनी आपल्या रीतीने घ्यावं, ही त्यांची तळमळ होती. दोन वर्षांत ते गेले. त्यांची भजनं मात्र आपण आजही दर रविवारी गातो.

आता मिशनरी साहेब गेले, खुर्चीवर आपलीच माणसं बसली, पण बसायची पद्धत तीच राहिली.

पाळकांचंच घ्या. एकेका पाळकाकडे चार-पाच गावं असतात. उपासना त्यांनीच चालवायची, आजाऱ्याला भेटायला त्यांनीच जायचं, शब्बाथ शाळेचा, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाचा, कार्यक्रम त्यांनीच बसवायचा, ट्रस्टच्या कागदासाठी कचेरीतही त्यांनीच खेटे घालायचे. लोक म्हणतात, ‘पाळकसाहेब फार राबतात.’ खरं आहे, पण तीन-चार वर्षांनी त्यांची बदली होते आणि घरोघरची प्रार्थना त्याच महिन्यात बंद पडते, कारण ती चालवू शकेल असं एकही माणूस मागे तयार झालेलं नसतं. निर्गमाच्या अठराव्या अध्यायात यित्रो आपल्या जावयाला, मोशेला, हेच सुनावतो: तू करतोस हे बरं नाही, तूही थकशील आणि लोकही थकतील. मग तो हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेमायला सांगतो. आपल्याकडे दहांवरचा माणूसच नसतो.

पंचमंडळीचं दुखणं वेगळं आहे. निवडणूक होते, पण भावकीवर. तीच तीन-चार घरं आलटून-पालटून येतात आणि सभेतला निम्मा वेळ मिशनच्या काळातली जागा, भाडेकरू आणि कोर्टातली तारीख यांत जातो. आमच्याकडे एकदा तरुण संघाने शनिवारी संध्याकाळी भजनाचा सराव करायची परवानगी मागितली. पेटी, ढोलकी आणि कीबोर्ड ज्या कपाटात होते त्याची किल्ली एका ज्येष्ठ पंचांकडे होती. सामान खराब होईल, दिवे कोण बंद करणार, मुलं-मुली एकत्र कशी, अशा चर्चेत दोन सभा गेल्या. तोवर त्यातली बरीच मुलं कामासाठी चाकणला आणि हडपसरला निघून गेली. परगावी गेलेल्या मुलाला तिथल्या मंडळीसाठी ओळखीचं पत्र द्यावं, तिथल्या पाळकांना एक फोन करावा, हेही कोणाच्या कामात बसत नव्हतं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचं तसंच. नाताळ गाळपाच्या ऐन हंगामात येतो, त्यामुळे ती माणसं सणाला फडावर असतात. त्यांच्या कोपीपर्यंत केक आणि प्रार्थना घेऊन जायची जबाबदारी कोणावर तरी नावानिशी टाकायला नको का? माझा सगळ्यात जास्त जीव इथे तुटतो.

अशा वेळी काय करावं याचं उत्तर प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात आहे. रोजच्या वाटपात आपल्या विधवांची उपेक्षा होते, अशी ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांची तक्रार होती. प्रेषितांनी सात माणसं निवडायला सांगितली. निवडलेल्यांची नावं पाहा, स्तेफन, फिलिप्प यांच्यासह सातही नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती कारभार दिला गेला. आणि लगेच पुढच्या वचनात शिष्यांची संख्या फार वाढल्याचं लिहिलं आहे. हा क्रम पुढाऱ्यांनी लक्षपूर्वक वाचावा.

पैशाबद्दल थोडक्यात. सुगीच्या सणाला पहिल्या उपजाची कणसं, कोंबडी, भोपळा लिलावात उत्साहाने चढ्या भावाने घेणारा माणूस वार्षिक सभेत हिशेब मिळाला नाही की पुढच्या वर्षी गप्प बसतो. दर महिन्याचा जमाखर्च दाराशी फलकावर लावा.

तुम्ही स्वतः कमिटीत असाल तर पुढच्या सभेत तीन ठराव मांडून पाहा. कोणीही पंच सलग दोन मुदतींपेक्षा जास्त राहणार नाही. तिशीच्या आतल्या किमान दोघांना, त्यात एक मुलगी, मतासह जागा मिळेल. महिन्यातल्या एका रविवारची उपासना संदेशासकट तरुण संघ आणि महिला मंडळ आळीपाळीने चालवतील. पाळकांनी आठवडाभर आधी त्यांच्याबरोबर बसून वचन तयार करून घ्यावं. पहिल्या ठरावाला विरोध होईलच. तो अडला तर तिसऱ्यापासून सुरुवात करा, त्याला मंडळीची घटना बदलावी लागत नाही, पाळकांचा होकार पुरतो.