स्वस्त कार्बन क्रँकसेट रोड बाइकला लावणं सुरक्षित आहे का?

तुम्ही विचारलंय की ऑनलाइन आठ हजारांत मिळणारा, कंपनीचं धड नाव नसलेला कार्बन क्रँकसेट (म्हणजे कार्बन फायबरचे, पेडल ज्यांना लागतात ते दोन दांडे, म्हणजे क्रँक, आणि पुढची दातेरी चक्रं) तुमच्या रोड बाइकला लावावा का. तुमचं वजन ८४ किलो आणि दर रविवारी घाट, असंही लिहिलंय. माझं उत्तर आहे, लावू नका. असाच एक क्रँक मी दोन पावसाळे वापरला, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सुरुवात आवाजाने झाली. चढावर उभा राहून डावा पाय दाबला की ‘टक्’. बसून चालवताना काहीच नाही. मी बॉटम ब्रॅकेट (क्रँक ज्यावर फिरतो ते फ्रेममधलं बेअरिंग) बदललं, बुटाच्या क्लीटचे (बूट पेडलमध्ये अडकवणाऱ्या पट्टीचे) स्क्रू आवळले, सीटपोस्ट काढून पुन्हा बसवला. तीन आठवडे त्यातच गेले. मग डावा बूट किंचित बाहेरच्या बाजूला कलतोय असं वाटायला लागलं, तेव्हाही मी पेडलच्या बेअरिंगवर संशय घेतला. शेवटी पुण्याजवळच्या बोपदेव घाटात उभा राहिलो आणि पेडल क्रँकमधून निघून आलं. पेडल एकटं आलं नाही, ज्या बुशात त्याचे आटे असतात तो अ‍ॅल्युमिनियमचा बुशही घेऊन आलं. मी रस्त्यावर पडलो तेव्हा पेडल तसंच बुटाला अडकलेलं होतं. डाव्या मनगटाचं हाड मोडलं. वेग ताशी ८-९ किलोमीटर होता म्हणून एवढ्यावर निभावलं. उतारावर हेच झालं असतं तर काय, हा विचार आजही मला अस्वस्थ करतो.

घरी येऊन क्रँकचं ते भोक टॉर्च लावून पाहिलं. कार्बन कुठेही फाटलं नव्हतं. आत चक्क गुळगुळीत होतं, कडेने पांढरी पूड साचली होती आणि गोंदाचा पापुद्रा नखाने निघत होता.

सगळा मुद्दा त्या पांढऱ्या पुडीत आहे. कार्बनमध्ये थेट आटे पाडले तर ते टिकत नाहीत. म्हणून पेडलच्या जागी आणि एक्सलच्या (दोन्ही क्रँक जोडणाऱ्या आसाच्या) जागी धातूचा, बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियमचा, तुकडा (हाच बुश) इपॉक्सी गोंदाने चिकटवतात. कार्बन वीज वाहून नेतं. अ‍ॅल्युमिनियम त्याला टेकलं आणि मध्ये खारं पाणी शिरलं की अ‍ॅल्युमिनियम खराब व्हायला लागतं. घाम हे खारं पाणीच आहे, त्यात आपला पावसाळा, आणि कोकणातली हवा तर विचारूच नका. हे टाळायला मध्ये काचतंतूंचा पातळ थर देतात आणि चिकटवण्याआधी धातूवर नीट प्रक्रिया करतात. स्वस्तात बनवायचं म्हटलं की पहिली काटछाट इथेच होते, कारण विकत घेणाऱ्याला ती दिसत नाही. वरचं काळं चकचकीत विणकाम मात्र महागड्या क्रँकसारखंच दिसतं. कधी तर ते निव्वळ सालपट असतं आणि आत साधा अ‍ॅल्युमिनियमचा दांडा.

त्या जोडावर ताण किती येतो? तुम्ही उभे राहून एका पेडलवर सगळं वजन टाकलंत तर साधारण ८२० न्यूटन. शिवाय पेडल क्रँकच्या बाहेर असल्यामुळे नुसता दाब येत नाही, बुश पिळलाही जातो. मिनिटाला ८० फेऱ्या धरल्या तर चार तासांच्या राइडमध्ये प्रत्येक पायाचे १९,२०० धक्के. रेसिंग सायकलच्या क्रँकची प्रमाणित चाचणी १८०० न्यूटनची, म्हणजे १८० किलोंहून जास्त भाराची असते आणि ती १ लाख वेळा करतात. चांगल्या कंपन्यांचे कार्बन क्रँक अशा चाचण्यांतून जातात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. तुमच्या त्या क्रँकची चाचणी झाली का, हे विचारायचं कुणाला? माझ्या विक्रेत्याचं पान तर महिन्याभरात गायब झालं होतं.

गोंदाचा जोड मोठ्या कंपन्यांनाही दगा देतो, हे मात्र मान्य करायला हवं. सप्टेंबर २०२३ मध्ये सायकलचे भाग बनवणाऱ्या शिमानो या जपानी कंपनीने जुलै २०१९ च्या आधी बनलेले, आपल्या महागड्या अल्टेग्रा आणि ड्युरा-एस मालिकांचे काही ११-स्पीड (मागे ११ गिअर असलेल्या सायकलींचे) क्रँक तपासणीसाठी परत बोलावले. एकट्या अमेरिकेत ते सुमारे ६ लाख ८० हजार होते. ते पूर्ण अ‍ॅल्युमिनियमचे, पण दोन भाग चिकटवून केलेले, आणि ४,५०० हून जास्त क्रँकचे भाग सुटल्याच्या नोंदी होत्या. फरक असा की तिथे नोंद ठेवणारं कुणीतरी होतं, आणि तपासणीत दोष निघाला की क्रँक फुकट बदलून मिळत होता. (जुना अल्टेग्रा सेकंडहँड घेणार असाल तर ही तारीख लक्षात ठेवा.)

आणि हे सगळं किती ग्रॅमसाठी? शिमानोच्याच मधल्या दर्जाच्या १०५ मालिकेचा अ‍ॅल्युमिनियम क्रँकसेट ७००-७५० ग्रॅमचा, स्वस्त कार्बनवाला जाहिरातीत ५५०-६०० चा. म्हणजे १५० ग्रॅम वाचले. तुमच्या बाटलीतलं एक फुलपात्र पाणी कमी केलंत तरी तेवढं वजन जातं. शिमानोचा सगळ्यात महाग रोड क्रँकही अ‍ॅल्युमिनियमचाच आहे. ते आठ हजार चांगल्या टायरांवर घाला, घाटात फरक जाणवेल.

तुमच्या ग्रुपमधल्या कुणी असा क्रँक आधीच बसवला असेल तर त्याला एवढं करायला सांगा: पेडल काढून बुशाची कड पुसा आणि पांढऱ्या मार्करने बुशावरून क्रँकवर जाणारी एक बारीक रेघ ओढा. पेडल बसवताना आट्यांना ग्रीस लावा आणि पेडल व क्रँकच्या मध्ये वॉशर घाला, तो कार्बनसाठी हवाच. दर पंधरा दिवसांनी पेडल काढून रेघ बघा. ती तुटलेली दिसली, कडेला पांढरी पूड आली, किंवा नाण्याने टकटक केल्यावर एखाद्या जागी आवाज बद्द येऊ लागला, तर तो क्रँक संपला. पुन्हा गोंद भरून चालवू नका. आणि माझ्यासारखा ‘टक्’ आवाज घाटात सुरू झाला तर तिथेच उतरा, कुणाला तरी फोन करा आणि सायकल टेम्पोत टाकून घरी आणा.