लायसन्स संपलंय? मग रविवारची राईड रद्द करा

तुम्ही लिहिलंय की वय ६१, नुकतेच निवृत्त झालात, तीस वर्षांनी पुन्हा मोटारसायकल घेतली आणि ज्येष्ठांच्या एका ग्रुपबरोबर पहिली राईड पुढच्या रविवारी आहे, पुणे ते पाचगणी. प्रश्न जॅकेटचे, सॅडलबॅगचे आणि गुडघ्यांचे आहेत. आणि अगदी शेवटी, जाता जाता, एक ओळ आहे: "लायसन्स दोन आठवड्यांपूर्वी संपलंय, पण महिनाभर चालतं म्हणतात, आल्यावर करून घेईन." ती ओळ वाचली आणि मला राहवेना. २०२२ साली हेच वाक्य मी घरात बोललो होतो. तेव्हा मी ६३ वर्षांचा होतो.

महिनाभर चालत नाही. पूर्वी चालायचं, तेच आपल्या पिढीच्या डोक्यात पक्कं बसलंय. जुन्या कायद्यात मुदत संपल्यावरही तीस दिवस लायसन्स ग्राह्य धरत. २०१९च्या दुरुस्तीत ती सवलत गेली. आता मुदत संपल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज केला तर टेस्ट न देता नूतनीकरण होतं, वर्ष उलटलं तर पुन्हा टेस्ट. पण हे वर्ष अर्ज करण्यासाठी आहे, गाडी चालवण्यासाठी नाही. या दोन गोष्टींची गल्लत मी कितीतरी शिकल्यासवरल्या माणसांना करताना पाहिलंय.

माझीही तीच गल्लत झाली, आणि आरटीओच्या खिडकीवरच्या माणसाने ती पक्की केली. लायसन्स संपलं त्याच आठवड्यात मी कार्यालयात गेलो होतो. कोरोनाच्या काळात कागदपत्रांच्या मुदती वाढत गेल्या होत्या, त्यामुळे कुठली तारीख खरी याचा सगळीकडे गोंधळच होता. रांग मोठी होती. खिडकीतून उत्तर आलं, "काका, तीस दिवस असतात. गर्दी कमी झाली की या." मी निश्चिंत मनाने घरी आलो. कोणत्या कार्यालयात ते सांगत नाही, सांगून उपयोगही नाही.

लायसन्स संपल्याच्या अठराव्या दिवशी ग्रुपबरोबर आम्ही पाचगणीला निघालो. शिरवळला मिसळ, खंबाटकी, सुरूर फाटा, वाई. पसरणी घाटात एका वळणावर समोरून एसटी आली. माझं सगळं तारुण्य जुन्या बुलेटवर गेलेलं. तिचा गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात असायचा. नव्या गाडीचं बरोबर उलटं. तीन महिने नवी गाडी चालवून पाय शिकलाय असं मला वाटत होतं. पण एसटी दिसली आणि डावा पाय आपोआप खाली दाबला गेला. ब्रेक समजून. तिसऱ्यावरून दुसरा गिअर पडला, गाडी हिसकली, पण हवी तेवढी थांबली नाही, आणि पुढचं चाक कडेच्या खडीत गेलं. एसटीवाल्याने वेळेत गाडी दाबली म्हणून वाचलो. डावं मनगट आणि गळपट्टीचं हाड मोडलं. ग्रुपमधल्या दोघांनी मला वाईला दवाखान्यात नेलं, एक जण गाडीपाशी तीन तास बसून राहिला. त्या माणसांचे उपकार मी विसरणार नाही. ज्येष्ठांच्या ग्रुपबरोबर जा असं मी सगळ्यांना सांगतो ते यासाठीच.

हाड सहा आठवड्यांत सांधलं. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने लायसन्स हातात घेतलं, तारीख बघितली, फोटो काढला आणि परत दिलं. पंधरा दिवसांनी पत्र: अपघाताच्या दिवशी वैध परवाना नसल्याने दावा नामंजूर. दुरुस्तीचे ७४ हजार खिशातून गेले. तेही सोसलं. पण पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, त्यालाही अपघाताच्या वेळी वैध लायसन्स लागतं. सौ. ते पत्र दोनदा वाचून म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी तुम्ही गेला असतात, तर मला यांनी हेच पत्र पाठवलं असतं." मला उत्तर देता आलं नाही. आणि समोरच्या कुणाला इजा झाली असती तर? विमा कंपनी त्यांना भरपाई देऊन तीच रक्कम माझ्याकडून वसूल करायला मागे लागू शकली असती.

त्या खिडकीवर मी पुन्हा गेलो होतो, हात गळ्यात बांधलेला. "मी असं म्हणालोच नाही. लेखी आहे का?" आज चार वर्षांनीही ते आठवलं की संताप होतो. चुकीची माहिती देणाऱ्याचं काही जात नाही. म्हणून सांगतो, खिडकीवरच्या तोंडी उत्तरावर विसंबू नका. मी वकील नाही, नियम बदलतात, परिवहनच्या वेबसाइटवर स्वतः वाचा आणि लायसन्सवरची तारीख हीच खरी धरा.

नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून करता येतो. पंचावन्न उलटल्यावर लायसन्स पाच-पाच वर्षांपुरतंच मिळतं, त्यामुळे तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. फॉर्म १-अ, म्हणजे डॉक्टरांचा दाखला, आपल्याला लागतोच. माझं ठाम मत आहे की तो एजंटकडून शिक्का मारून आणू नये. पंचवीस मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता आली पाहिजे असं त्या फॉर्मात आहे. आमच्यातल्या एकाला ती वाचता आली नाही म्हणून मोतीबिंदू कळला. ऑपरेशन झालं आणि आता तो सगळ्यांत नीट चालवतो. आणि लायसन्सवर गिअरवाल्या मोटारसायकलचा वर्ग आहे का तेही बघा. बरीच वर्षं स्कूटीच चालवलेल्या एका बाईंकडे फक्त विनागिअरचं निघालं होतं.

आता आमच्या ग्रुपमध्ये जानेवारीच्या पहिल्या रविवारी सगळ्यांचे कागद बघतो: लायसन्स, विमा, पीयूसी. "या वयात कागद दाखवायला लावता?" म्हणून दोघे रुसले होते. लावतो. तुमचा ग्रुप बघत नसेल तर तुम्ही विचारा. न विचारणाऱ्या ग्रुपमध्ये मी तरी जाणार नाही.

तुमच्या प्रश्नांबद्दल थोडक्यात. जॅकेट कुठलंही चालेल, कोपर-खांद्याला संरक्षक पॅड हवेत आणि हेल्मेट आयएसआयचं हवं. गुडघ्यांसाठी दर पन्नास-साठ किलोमीटरला उतरून पाच मिनिटं चालायचं. बीपीच्या गोळीने वारंवार लघवीला होत असेल तर राईडच्या सकाळी ती कधी घ्यायची हे डॉक्टरांना विचारा, मनाने बंद करू नका. सगळ्यांत हळू चालवणाऱ्याला लीडरच्या लगेच मागे ठेवायचं, शेवटी नाही, नाहीतर तो गाठायच्या नादात वेग वाढवतो. घाटात एकामागे एक. आणि तुम्हीही जुन्या बुलेटवाले असाल तर आधी रिकाम्या मैदानात महिनाभर अचानक ब्रेक लावायचा सराव करा. कुणाला तरी मध्येच "थांब!" म्हणून ओरडायला सांगा आणि कुठला पाय दाबला जातो ते बघा.

लीडरला आजच फोन करून सांगा की या वेळी येत नाही. पाचगणी कुठे जात नाही. लायसन्स हातात आलं की इथेच लिहा. तुम्हाला चालणार असेल तर आमच्या रविवारच्या राईडला या, सकाळी साडेसहाला निघतो.