दीड हजारांची शिल्लक आणि इंडेक्स फंड

प्रश्न : मी पुण्यात एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षात शिकते. ‘कमवा आणि शिका’ योजनेतील मानधन आणि दोन शिकवण्या यांतून सगळा खर्च भागून दरमहा सुमारे १,५०० रुपये उरतात. बाबा म्हणतात, बँकेत आवर्त ठेव सुरू कर. वसतिगृहातील काही मैत्रिणी ऑप्शनचे, म्हणजे ठरावीक किमतीला शेअर वा निर्देशांक घेण्या-विकण्याच्या हक्काचे, व्यवहार करतात आणि मलाही आग्रह करतात. रोज बाजाराकडे पाहण्यास मला वेळ नाही, म्हणून इंडेक्स फंडाचा विचार मनात आहे. एवढ्या थोड्या रकमेने सुरुवात करावी का, आणि किती फंड घ्यावेत?
— एक वाचक, पुणे

उत्तर : सुरुवात अवश्य करा, मात्र सगळेच्या सगळे १,५०० रुपये फंडात घालू नका. पुढच्या वर्षाचे शुल्क, नेट-सेटचे अर्ज, अचानक आलेले आजारपण यांसाठी लागणारा पैसा बँकेतच असावा, आणि त्या पैशापुरते तुमच्या बाबांचे म्हणणे पूर्णपणे बरोबर आहे. खोली आणि मेस यांचा तीन-चार महिन्यांचा खर्च साठेपर्यंत १,००० रुपये आवर्त ठेवीत आणि ५०० रुपये इंडेक्स फंडात, अशी वाटणी मला योग्य वाटते. तेवढी गंगाजळी जमली की हे प्रमाण उलटे करता येईल.

असा आग्रह धरण्याचे कारण बाजाराच्या इतिहासातच आहे. निफ्टी, म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजारातील पन्नास मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक, १४ जानेवारी २०२० रोजी १२,३६२ वर बंद झाला होता. २३ मार्चला तो ७,६१० वर आला, म्हणजे जेमतेम दहा आठवड्यांत सुमारे ३८ टक्के मूल्य गेले. ती घसरण त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपर्यंत भरून निघाली खरी, परंतु जानेवारी २००८ मधील उच्चांक पुन्हा गाठण्यास निफ्टीला सुमारे पावणेतीन वर्षे लागली होती, आणि तुमचा संपूर्ण अभ्यासक्रम त्याहून कमी काळाचा आहे. म्हणून किमान सात-आठ वर्षे ज्याला हात लावावा लागणार नाही, तेवढाच पैसा फंडात जावा. घसरणीच्या काळात हप्ता चालू ठेवणे मनाला जड जाते, पण त्याच काळात तेवढ्याच रुपयांत फंडाचे अधिक युनिट, म्हणजे हिस्से, मिळतात.

इंडेक्स फंडाचा व्यवस्थापक स्वतःच्या अंदाजाने शेअर निवडत नाही. निफ्टी ५० मध्ये ज्या कंपन्या ज्या प्रमाणात आहेत, त्याच प्रमाणात तो त्या घेतो, आणि निर्देशांकाची यादी बदलली की फंडातील शेअरही बदलतात. सत्यमचा घोटाळा उघडकीस आल्यावर जानेवारी २००९ मध्ये ती कंपनी निफ्टीतून वगळण्यात आली. अशा वेळी फंडाला तोटा होतोच, पण पन्नासांतील एका कंपनीच्या वाट्याएवढाच. कोणती कंपनी कधी विकावी, या चिंतेत गुंतवणूकदाराला रात्री जागवाव्या लागत नाहीत.

निवड सोपी असल्यामुळे अशा फंडाचा खर्च कमी असतो, आणि विद्यार्थ्याने सर्वाधिक लक्ष या खर्चाकडेच द्यावे, असे माझे ठाम मत आहे. एक लाख रुपये दरसाल १० टक्क्यांनी वाढले असे गृहीत धरले, तर तीस वर्षांनी त्यांचे सुमारे १७ लाख ४५ हजार होतात. त्यातील एक टक्का दरवर्षी खर्चापोटी गेला, तर हाती सुमारे १३ लाख २७ हजारच येतात. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण तो चार लाखांहून अधिक रक्कम घेऊन जातो. म्हणून वितरकाचे कमिशन नसलेला डायरेक्ट प्लॅनच निवडा. १ जानेवारी २०१३ पासून तो प्रत्येक म्युच्युअल फंडाकडे उपलब्ध आहे. त्यातील ग्रोथ, म्हणजे नफा वाटून न देता फंडातच ठेवणारा, हा पर्याय घ्या.

ऑप्शनपासून मात्र कटाक्षाने दूर राहा. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत वायदे आणि ऑप्शनचे व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. मैत्रिणींनाही हा आकडा सांगा, कारण मला त्यांचीही तितकीच काळजी वाटते.

फंड एकच पुरे. निफ्टी ५० चे दोन फंड घेतल्याने त्याच पन्नास कंपन्या दोनदा घेतल्या जातात, एवढेच. पॅन, आधार आणि स्वतःच्या नावाचे बँक खाते असले की केवायसी पूर्ण होते. त्याच वेळी नामनिर्देशनही करून टाका. कराची चिंता तूर्त नको, कारण एक वर्षाहून अधिक काळ ठेवलेल्या युनिटांवरील १ लाख २५ हजार रुपयांपर्यंतचा वार्षिक नफा सध्या करमुक्त आहे. हप्त्याची तारीख मानधन जमा होण्याच्या तारखेनंतर चार-पाच दिवसांची ठेवा आणि मानधन लांबणार असे दिसले, तर त्या महिन्याचा हप्ता आधीच थांबवा. खात्यात शिल्लक नसल्याने हप्ता परत गेला, तर बँक त्याबद्दल शुल्क आकारते, आणि ५०० रुपयांच्या हप्त्याच्या मानाने ते बरेच जड पडते.