रूपक ताल चुकतो तिथं पोराचा कान लागतो

वाचक विचारतात : कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत रविवारचा कलावर्ग चालवणाऱ्या बाईंचं सदर

बाई, नमस्कार. मुलगा नववीत आहे, पाचवीपासून तबला शिकतोय. दिवाळीपासून मोबाईलवर एआयकडून गाणी करून घेतो आणि मित्रांना पाठवतो. रियाज सुटलाय. त्याचे बाबा म्हणतात, ही चोरी आहे, ॲप काढून टाक. मला वाटतं, रील बघत बसण्यापेक्षा बरं. काय करावं?
*एक आई, राजारामपुरी*

ताई, मिस्टरांचं म्हणणं उडवून लावू नका. आमची रेकॉर्डिंग न विचारता वापरली, असं म्हणत मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी जून २०२४ मध्ये अमेरिकेत सुनो आणि युडिओ या दोन गाणी बनवणाऱ्या कंपन्यांवर दावे लावले. पुढं त्यातल्या काहींनी तडजोडही केली. म्हणजे शंका रास्त आहे. पण ॲप काढू नका. काढलंत तर तो मित्राच्या मोबाईलवर करेल आणि तुमच्या कानावरही येणार नाही.

त्यापेक्षा त्या ॲपचीच तबल्याची परीक्षा घ्यायला त्याला सांगा. आमच्या वर्गात पोरं 'रूपक तालात, सात मात्रांचं गाणं कर' असं मागतात. गाणं झक्कास येतं, आवाज एकदम तयारीचा. मग मी म्हणते, आता हातावर ताल धरा. तीं तीं ना, धीं ना, धीं ना. एखादं आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, निभतं, मग कुठंतरी एक मात्रा जादा शिरते आणि गाणं गुपचूप आठावर जाऊन बसतं. बाकीची पोरं डोलतच असतात. तबल्याला हात लागलेल्याच्या कपाळावर मात्र लगेच आठी. असं का होतं, तेही सांगते. ढीगभर रेकॉर्डिंग ऐकून 'यापुढं कोणता आवाज येण्याची शक्यता जास्त' एवढंच हे यंत्र शिकलेलं असतं. त्या ढिगात चाराच्या हिशेबातली गाणी उदंड, सात-दहा मात्रांचे रूपक-झपताल चिमूटभर. रूपकाची सम, म्हणजे पहिली मात्रा, 'खाली' म्हणजे टाळीविना असते हे त्याच्या गावीही नसतं.

खरी मजा त्याच्या पुढची. जोतिबाच्या यात्रेच्या दिवसांत वर्गातल्या एकानं सासनकाठीपुढची (देवाच्या उंच निशाणकाठीपुढची) हलगी मोबाईलवर धरून आणली. ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरून गोंगाट नसलेला तुकडा कापला, ॲपवर चढवला आणि 'यावर सनई घाल' असं सांगितलं. सनई आली, पण सोबत असले धडाधड ड्रम आले की हलगी ऐकूच येईना. 'बाई, ह्यानं माझी हलगी खाल्ली की!' पोरगं खरंच चिडलं. सूचना बदलून बघितल्या, ड्रम काही हटेनात. शेवटी त्यानं नुसती सनई मागवली, त्यातली एकच बरी सुरावट उचलली आणि आपल्या हलगीवर स्वतःच बसवली. तरी मधे एक सांधा खटकत होता. पुन्हा पुन्हा ऐकल्यावर त्यालाच उमगलं की एक तुकडा हलगी शेकायच्या आधीचा होता आणि दुसरा जाळावर धरून कातडं ताणल्यानंतरचा, म्हणून चढ्या सुराचा. हे त्याला ॲपनं सांगितलं नाही. तो त्या जाळाशेजारी उभा होता.

तेव्हा तुमच्या घरी एकच अट घाला : ॲपमध्ये जाईल तो तबला त्याचाच. लग्गी, म्हणजे जलद बोलांचा तुकडा, नीट वाजेपर्यंत रेकॉर्ड करत बसू दे. त्यानं रियाज सुरू होईलच अशी हमी मी देत नाही, पण लग्गी कुठं घसरते ते त्याचं त्याला ऐकू येईल. आणि ॲपची वयाची अट वाचा. अठराच्या आतल्यांना बऱ्याच ठिकाणी पालकांची परवानगी लागते. ती तुम्ही शेजारी बसून द्या.

मंडळाच्या गणपतीचं पोस्टर मी एआयवर केलं. सगळ्यांना आवडलं. खाली माझं नाव घालू का? चित्रकलेचे सर म्हणाले, 'यात तुझं काय?' पोस्टर सोबत पाठवलंय.
*दहावीची विद्यार्थिनी, शिवाजी पेठ*

सरांनी विचारलंय ते बरोबर, चिडू नकोस. पोस्टर पाहिलं. रंग छान उतरलेत. पण तू 'रंकाळ्याकाठचा गणपती' मागितलास आणि एआयनं दिलाय पलीकडं बर्फाचे डोंगर असलेला रंकाळा! तळ्यातला जुना दगडी संध्यामठ कुठाय? 'मोरया'मधला 'र' अर्धाच आहे आणि उंदराला पाच पाय. तू हे पाहिलंसच नाहीस, आणि तुझं काय ते तिथंच कमी पडलं.

अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयानंही जानेवारी २०२५ मध्ये हेच म्हटलंय की नुसत्या सूचना लिहिल्या म्हणून कुणी त्या चित्राचा कर्ता ठरत नाही. माणसानं स्वतः घातलेली भर मात्र धरली जाते.

म्हणून भर घाल. यंत्राला नाकं मुरडायची आपल्या गावाची रीत नाही. बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवायचे, त्यांनी सिनेमाचा कॅमेरा इथंच कोल्हापुरात बनवला आणि सिनेमांची पोस्टरंही स्वतः रंगवली. तू एक संध्याकाळ रंकाळ्यावर जाऊन संध्यामठाचं पेन्सिल स्केच कर. त्याचा फोटो ॲपला दे आणि रंग त्याच्याकडून सुचवून घे. जमले नाहीत तर बदल. अक्षरं मात्र बोरूनं स्वतः लिही आणि स्कॅन करून वर बसव, देवनागरी अक्षरांत काही ॲप अडखळतात. इंटरमीजिएट चित्रकला परीक्षेला बसणार असशील तर हात तसाही चालू ठेवावाच लागणार आहे.

मग खाली लिही : 'रेखाटन व अक्षरलेखन', पुढं तुझं नाव आणि त्याखाली 'रंगयोजनेसाठी एआयची मदत'. फ्लेक्सवाल्याकडं फाइल जाण्याआधी सरांना एकदा दाखव.