डॅनबरी ट्रॅशर्स हा आइस हॉकी संघ दोनच हंगामांत का बंद पडला?

थोडक्यात सांगायचं तर मालकाला अटक झाली आणि पैसा थांबला. हरल्यामुळे किंवा प्रेक्षक नव्हते म्हणून नाही.

अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या डॅनबरीत कचरा उचलण्याचा मोठा धंदा असलेल्या जेम्स गॅलांटे यांनी २००४ मध्ये युनायटेड हॉकी लीगमध्ये हा संघ उतरवला. नाव कचऱ्यावरूनच आलं (ट्रॅश म्हणजे कचरा). संघाचा कारभार आपल्या १७ वर्षांच्या मुलाकडे, ए. जे. कडे दिला. त्याने मुद्दाम मारामारी करणारे खेळाडू जमवले, आणि बर्फावरच्या त्या हाणामाऱ्यांसाठी लोक गर्दी करत. त्याच वर्षी एनएचएल या सर्वोच्च आइस हॉकी लीगमध्ये मालक आणि खेळाडूंच्या वादातून टाळेबंदी होती, त्यामुळे माइक रप याच्यासारखा स्टॅन्ली कप (एनएचएलचं विजेतेपद) जिंकलेला खेळाडूही इथे खेळून गेला.

खरी गोम पगारात होती. लीगमध्ये संघाच्या एकूण पगारावर हंगामाला सुमारे पावणेतीन लाख डॉलरची मर्यादा होती. ती चुकवायला खेळाडूंना, काहींच्या बायकांनासुद्धा, कचरा कंपन्यांत कागदोपत्री नोकऱ्या दाखवून वरचा पैसा दिला जाई. खरा खर्च साडेसात लाखांच्या आसपास गेला. म्हणजे लीगचीच फसवणूक. खटल्यात हा वेगळा गुन्हा म्हणून लागला.

मुख्य आरोप मात्र कचरा वाहतुकीतल्या संगनमताचे, म्हणजे कंपन्यांनी आपसांत ठरवून स्पर्धा टाळण्याचे होते. जून २००६ मध्ये अटक झाली आणि संघ लगेच गुंडाळला गेला. २००८ मध्ये गॅलांटेंनी गुन्हा कबूल केला. शिक्षा ८७ महिने.

डॅनबरीतलं हॉकी मात्र संपलं नाही. त्याच रिंकवर पुढे व्हेलर्स आणि २०१९ पासून हॅट ट्रिक्स हे संघ आले.