पहिली-दुसरीतल्या मुलांना विचार करायला लावणारे प्रश्न कसे विचारावेत?

एका शब्दात उत्तर संपणार नाही असा प्रश्न निवडा. ‘३ + ४ किती?’ याऐवजी ‘बेरीज ७ येईल अशा किती जोड्या सापडतात? सगळ्या सापडल्या, हे कशावरून?’ खरी गंमत ‘हे कशावरून?’ या प्रश्नात आहे; तिथे मूल ० + ७, १ + ६ असं क्रमाने मांडायला लागतं.

विचारून झालं की किमान ३ ते ५ सेकंद गप्प बसा. मोठ्यांना नेमकं हेच जमत नाही! घाईने सूचक शब्द पुरवला की मूल विचार सोडून तुमचा चेहरा वाचू लागतं.

बरोबर उत्तरालाही ‘कसं काढलंस?’ विचारा. फक्त चुकल्यावरच विचारत गेलात, तर ‘कसं?’ ऐकताच मूल उत्तर बदलून टाकतं. मोजणीच कच्ची असेल तर आधी हातात मणी द्या.